खांदेरीवर फक्त दगडच वाजतो का?

महोदय,

परवा अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यावर गेलो. सोबतच्या मंडळींनी वेताळाचे दर्शन घेतले, भांड्यासारखा वाजणारा तो प्रसिद्ध दगड ठणठण बडवला, दीपगृहासमोर फोटो काढले आणि तासाभरात सगळे परतीच्या होडीत! चाकांच्या गाड्यावर बसवलेली तोफ अजून जागेवर आहे. एका गृहस्थांनी तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता.

या बेटाची खरी गोष्ट १६७९ सालची. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून त्यांच्या आरमारातील सरदार मायनाक भंडारी यांनी ऐन पावसाळ्यात येथे तटबंदीला हात घातला. मुंबईच्या तोंडाशीच मराठ्यांचा किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रज बिथरले, त्यांनी जहाजे पाठवून बेटाची कोंडी केली. पण त्यांची अवजड गलबते वाऱ्यावर अवलंबून, तर मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवून मोकळ्या! ऑक्टोबरात मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराशी इंग्रजांची झुंज झाली, तीत इंग्रजांचे ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागले. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. शेजारचे उंदेरी बेट मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावले, आणि दोन बेटांची तोफाबाजी सुरू झाली.

२०२५ साली खांदेरी जागतिक वारसा यादीत गेला. आता धक्क्यावर एवढी हकिकत सांगणारा एक मराठी फलक तरी लावावा. तोफेवर टॉवेल वाळत घालू नये, हेही त्यावरच लिहिता येईल.

– एक वाचक, अलिबाग