एनओसी

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय अव्या,

तब्येत बरी. शुगर होती तिथंच आहे. झालं.

इतके महिने फोन का नाही, ते तुला ठाऊक आहे. १८ ऑगस्ट २०२५ ला इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, मी पेढे वाटले आणि महिन्याभरात आक्कांच्या सेकंड अपिलात वकील बदलायची एनओसी तुझ्याकडून मागवली. तीही मुन्शीच्या व्हॉट्सॲपवरून! तू तासाभरात सही करून पाठवलीस. एक शिवी तरी हासडायचीस मर्दा.

वीस वर्षं मी इथं वाटपाचे दावे, मनाईचे अर्ज आणि १३८ च्या, न वटलेल्या चेकच्या केसेस लढत बसलो. अपील निघालं की फाइल मुंबईला तुझ्याकडं. महालक्ष्मीनं रात्री निघायचं, सकाळी तुझ्याकडं अंघोळ, मग कोर्टात मागच्या बाकावर. बोलायचास तू. शहाजी लॉ कॉलेजच्या मूट कोर्टापासून तेच. मला वाटायचं, कोर्ट जवळ असतं तर मीही बोललो असतो.

तर परवा बोललो. जज्जसाहेबांनी विचारलं, खालच्या दोन्ही कोर्टांचा निकाल तुमच्याविरुद्ध, कायद्याचा प्रश्न कुठला? मी आपला खालच्या कोर्टातल्यासारखा सुरू: गट नंबर, विहीर, मयत थोरला भाऊ. साहेबांनी पेन खाली ठेवलं. इंग्रजी तर सोडच, घशातली थुंकी पळाली. शेवटी तू लिहिलेला अपिलाचा मेमो उघडला आणि तुझा तिसरा मुद्दा शब्दन्‌शब्द वाचून काढला. वडील हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीआधी वारले, तरी मुलगी जन्मानं कोपार्सनर, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी, होते का?

२०१३ ला याच मुद्द्यावरून मी तुझ्याशी भांडलो होतो. 'काढ तो, कोर्ट हसेल.' २०१५ ला सुप्रीम कोर्टानं वडील हयात हवेत म्हटलं, तेव्हा रात्री अकराला फोन करून तुला खिजवलं. ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांनी ते उलटवलं, तेव्हा तुझा फोन आला नाही. ते जास्त लागलं.

अपील ॲडमिट झालं, तुझ्याच मुद्द्यावर. आक्कांचे भाऊ आता म्हणतात, तोंडी वाटप २० डिसेंबर २००४ च्या आधीच झालंय, म्हणजे दुरुस्ती लागूच नाही. नोंदवलेला कागद एकही नाही. बघू. बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, 'मुंबईचे साहेब बरं बोलायचे.'

सहा जिल्ह्यांची कामं इकडं आली. तुझ्या ऑफिसचं भाडं कसं निघतं, हे विचारायला तोंड नाही. लेकीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

फायनल हिअरिंगला तू उभा राहा. फाइलीत नवं वकीलपत्र ठेवलंय, तुझ्या सहीची जागा वर सोडलीय. आणि येताना माझा कोर्टाचा गळ्यातला बँड आण, मागच्या खेपेला तुझ्या बाथरूममध्ये राहिला.

तुझा,
दिन्या