स्नॉर्कलिंगचे साहित्य वेगळे, स्कुबाचे वेगळे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मालवण, तारकर्ली, देवबाग परिसरात सुट्टीत येणारी अनेक कुटुंबे स्नॉर्कलिंग (पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेणे) आणि स्कुबा डायव्हिंग (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन खोल जाणे) यांत फक्त दराचा आणि खोलीचा फरक आहे असे धरून चालतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ घरून आणलेला पोहण्याचा गॉगल लावूनच पाण्यात बुडी मारण्याचा हट्ट धरला आणि होडीवरील कोणीही त्याला अडवले नाही. दोन-तीन मीटर खाली जाऊन तो वर आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त साकळले होते. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहते, त्यामुळे खोलीबरोबर आतली हवा आकसते आणि डोळे काचेकडे ओढले जातात. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असते, म्हणून नाकातून थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो. इतकी साधी गोष्ट आम्हाला आधी कोणी सांगितली असती, तर मुलाचे दुखणे टळले असते.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा; हात काढल्यावरही तो जागेवर राहिला, तरच तो आपल्या मापाचा. मिशा असलेल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपते, आणि कडेखाली अडकलेले केसही तेच करतात. काच टेम्पर्ड, म्हणजे उष्णतेने मजबूत केलेली, असावी. चष्मा लावणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्नॉर्कलिंगमध्ये आपण पृष्ठभागावर तरंगत बाहेरचीच हवा घेतो, म्हणून मास्क, श्वासाची नळी, फिन्स (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) आणि लाइफ जॅकेट एवढे पुरते. नळी साधारण ३५ ते ४० सेंमी असते. ती लांब केली तर जास्त खोल जाता येईल हा समज घातक आहे, कारण छातीवरील पाण्याचा दाब श्वास ओढू देत नाही आणि सोडलेली हवा नळीतच साचून पुन्हा आत येते. सध्या लोकप्रिय झालेला, संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क शांत पाण्यात वर तरंगण्यापुरताच वापरावा. त्यात वापरलेली हवा साचू शकते, शिवाय बहुतेक प्रकारांत नाक चिमटीत धरून कानांतील दाब सारखा करता येत नाही.

स्कुबाचा प्रश्न वेगळा आहे. दर १० मीटरला एक वातावरणाइतका (पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो, त्यामुळे श्वासाची हवाही भोवतालच्या दाबानेच मिळावी लागते, आणि ते काम १९४३ मध्ये फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यँ यांनी घडवलेल्या रेग्युलेटरसारखी यंत्रणा करते. पाठीवरील सिलिंडरला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते, वृत्तपत्रांतही तसे छापून येते. प्रत्यक्षात त्यात बहुधा सुमारे २०० बार (वातावरणाच्या साधारण २०० पट) दाबाने भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो, म्हणून हा शब्द आपण सर्वांनी सुधारायला हवा. याखेरीज तरंगणे नियंत्रित करणारे जॅकेट, वजनाचा पट्टा, दाब दाखवणारे मापक आणि अडचणीत कामी येणारा दुसरा माउथपीस हवाच. यांपैकी काहीही बाजारातून आणून स्वतःच्या हिमतीवर वापरू नये. योग्य प्रशिक्षणाविना वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, कारण १० मीटरवरून वर येताना आतली हवा दुप्पट प्रसरण पावते.

त्यामुळे नवख्याने मास्क, फार तर फिन्स स्वतःचे घ्यावेत, बाकी साहित्य प्रशिक्षित व्यक्तीकडूनच. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फिन्स घालून प्रवाळावर उभे राहणेही इथे टाळायला हवे.

व्यावसायिकांना आणि संबंधित यंत्रणेला माझी विनंती अशी की, होडीत बसण्यापूर्वी किनाऱ्यावरच प्रत्येकाला मास्क लावून पाहू द्यावा, पोहण्याचे गॉगल तिथेच बाजूला ठेवायला लावावेत, आणि स्कुबासाठी निघणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला त्याच्या सिलिंडरवरील मापकाचा आकडा दाखवून, तो समजावून, मगच पाण्यात उतरवावे.

आपला,
एक नियमित वाचक, कुडाळ