शेवटचं गाणं कॅसेटमध्ये मावलंच नव्हतं

बोरिवली, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

फोनवर म्हटलं, सविस्तर पत्र लिहितो, तर तू विचारलंस, "पत्र? कुणाचं लग्न ठरलं?" लग्नबिग्न काही नाही. जेनेसिस ऐकतोय, आपला तो जुना इंग्लिश रॉक बँड. पहिल्यापासून, ओळीने, आणि मग त्यातल्या प्रत्येकाने बाहेर पडून जे जे केलं तेही.

चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही या भाड्याच्या घरात आलो, हे तुला माहीतच आहे. गिरगावातून ऑफिसला चालत जाणारा माणूस मी. आता बोरिवली ते चर्चगेट, रोज. फास्ट मिळाली तर जाताना एक अल्बम जेमतेम बसतो. 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' त्रेपन्न मिनिटांचा. गाडी मरीन लाइन्सच्या अलीकडे रखडली तर संपतो, नाहीतर शेवटचं चालत ऐकायचं.

'फॉक्सट्रॉट' अल्बमची गंमत सांगतो. 'सपर्स रेडी' हे तेवीस मिनिटांचं प्रकरण तुला आठवत असेल. त्यात एक भाग आहे, नऊ मात्रांचा. खाली बेस आणि ड्रम नऊवर अडून बसलेत आणि वर बँडचा कीबोर्डवाला टोनी बँक्स ऑर्गनवर स्वतःच्याच हिशेबाने चाललाय. मी कडीला लटकून बोटांनी मोजत होतो, सम काही सापडेना. आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं. त्यातले टाळवाले काका बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "कुठला ठेका हो हा?" मी एक इअरफोन त्यांच्या कानात दिला. अंधेरी ते वांद्रे त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "नऊ आहेत. पण तो पेटीवाला ऐकत नाहीये." बँक्सचं याहून नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

आता आपल्या जुन्या भांडणाकडे येतो. तू कायम म्हणायचास, 1975 मध्ये गायक पीटर गेब्रिएल सोडून गेला आणि बँड संपला. पुढे नुसता ड्रमर फिल कॉलिन्सचा धंदा. मीही मान डोलवायचो, कारण कॅसेटी तुझ्या होत्या. पण हे सोलो अल्बम ऐकायला लागल्यापासून मला ते वाटणी झालेल्या घरासारखं दिसतंय. घर एकत्र असताना स्वयंपाक छान होतो एवढंच कळतं. वाटणी झाली की समजतं, आमटीला फोडणी कोण देत होतं.

पहिला गिटारवाला अँथनी फिलिप्स बघ. 1970 लाच गेला, स्टेजची धास्ती घेऊन. त्याचा 'द गीझ अँड द घोस्ट' 1977 चा. सुरू झाल्या झाल्या मी दचकलो: अरे, जेनेसिसच्या 'ट्रेसपास'मधल्या त्या बारा तारांच्या गिटारी! गाणारा कोण, तर फिल कॉलिन्स. नंतरचा गिटारवाला स्टीव्ह हॅकेट, त्याने बँडमध्ये असतानाच, 1975 ला, 'व्हॉयेज ऑफ द अकोलाइट' काढला. टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांवर बेतलेला. ड्रमवर कॉलिन्स, बेसवर बँडचाच माइक रदरफर्ड. त्याचं शेवटचं गाणं अकरा-बारा मिनिटांचं आहे. उत्तरार्धात एकच चाल पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी जास्त जड होत जाते. हॅकेट 1977 मध्ये बँड सोडून गेल्यावर जेनेसिसमधून काय गेलं ते मला तिथे ऐकू आलं. आपण त्याला 'तो खुर्चीवर बसणारा' म्हणून मोडीत काढलं होतं. चुकलोच.

बँक्सचा 'अ क्युरिअस फीलिंग' दोनदा ऐकला; सूर सगळे घरचे, पण घरात माणूस नाही.

आणि कॉलिन्स. रागावू नकोस. 1976 ला एकीकडे तो जेनेसिसचा गायक झाला आणि त्याच वर्षी ब्रँड एक्स या जॅझच्या टोळीबरोबर 'अनऑर्थोडॉक्स बिहेविअर' वाजवून मोकळा झाला. ते ऐक आणि मग त्याला नावं ठेव. पुढचं तर तुला झोंबेलच. गेब्रिएलच्या 1980 च्या अल्बमवर पहिल्याच गाण्यात ड्रम वाजवलेत कॉलिन्सने. गेब्रिएलची अट होती, अल्बमभर झांजा नकोत. ह्यू पॅडघम हा रेकॉर्डिंग इंजिनिअर होता. ड्रमचा घुमारा आधी मोठा फुगवायचा आणि विरायच्या आत कापून टाकायचा, हा आवाज तिथे सापडला. वर्षभराने तोच आवाज 'इन द एअर टुनाइट'मध्ये येतो, ज्याला तू बाजारू म्हणायचास! उगम तुझ्या गेब्रिएलच्या घरात आहे, साहेब.

गेब्रिएलबद्दल तुला काय सांगायचं. फक्त 'सॉल्सबरी हिल' पुन्हा मोजून बघ. बँड सोडण्यावरचं गाणं, आणि जवळपास सगळं सात मात्रांत. आपल्या रूपक तालासारखंच मोजलं मी, तीन-दोन-दोन. आणि 1989 चा 'पॅशन' मिळव कुठूनही. त्यात आपला एल. शंकर व्हायोलिनवर आहे आणि नुसरत फतेह अली खानांचा आवाज. रात्री, दिवे घालवून.

रदरफर्डच्या 'माइक अँड द मेकॅनिक्स'चं 1988 चं 'द लिव्हिंग इयर्स' मात्र तू एवढ्यात लावू नकोस. वडिलांवरचं आहे. अण्णांचं वर्षश्राद्ध होऊ दे.

आता मुख्य गोष्ट. जेनेसिसचा 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' तू मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला होतास, आठवतं? दुबईहून आलेल्या त्या एलपीवरून, दोन वडापावांच्या बदल्यात. परवा मोबाइलवर लावला. त्या गोष्टीचा नायक रेल बुडत्या भावाला ओढून काढतो, चेहरा बघतो तर तो त्याचा स्वतःचाच. इथे आपल्या कॅसेटवर खट्ट व्हायचं आणि बटण वर यायचं. आपण केवढे वाद घातले त्या शेवटावर! गेब्रिएलने मुद्दाम असं तोडलंय, असं तू सगळ्या कट्ट्याला पटवलं होतंस.

बंड्या, तो अल्बम चौऱ्याण्णव मिनिटांचा आहे. पुढे आख्खं एक गाणं आहे. 'इट' नावाचं, पाच मिनिटांचं, धावतं, जवळजवळ आनंदी. मी बोरिवलीला फलाटावर बाकावर बसून ऐकलं. दोन लोकल सोडल्या असतील. हसू आवरेना.

तू अजून ऐकलं नसशील तर मोबाइलवर लावू नकोस. कॅसेट माझ्याकडे आहे, सामान हलवताना आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणलीय. तुझा तो टेपरेकॉर्डर चिपळूणला माळ्यावर असेल तर गणपतीनंतर येताना घेऊन ये. बेल्ट गेला असेल तर लॅमिंग्टन रोडला बघू. दुसरी बाजू खट्ट होईपर्यंत ऐकू, आणि मग लगेच पुढचं लावतो.

वहिनींना नमस्कार सांग. आंबोशी पाठवलीस ती पोचली, अर्धी संपलीसुद्धा.

तुझा,
नंदू