‘या वयात कशाला’ हे सोडून बोलूया

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई बोलणं दुसरीकडे नेते आणि बाबा विनोद करतात. म्हणून सरळ लिहूनच पाठवते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

विषय केसांचा.

आई, हल्ली व्हिडिओ कॉल लावलास की मला तुझ्या घरचं छतच दिसतं. आधी वाटलं, फोन धरून हात दुखत असेल. मग लक्षात आलं, तुला त्या छोट्या चौकोनात स्वतःचं डोकं बघायचं नसतं. वरच्या दिव्याचा उजेड नेमका भांगावर पडतो आणि आहे त्याहून रुंद दिसतो. मागच्या भेटीत तू केस विंचरत होतीस तेव्हा मी मागेच उभी होते. फणीत आलेले केस ओढून काढलेस, बोटाभोवती गुंडाळून त्यांची गोळी केलीस, उजेडाकडे धरून बघितलीस आणि कागदात बांधून टाकून दिलीस. नंतर क्लचर लावलास. पूर्वी त्यात तुझा बुचडा मावायचा नाही, आता क्लचरच घसरत होता. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, “आता या वयात केसांचं काय घेऊन बसायचं?”

गुडघा दुखला तेव्हा हेच वय होतं ना? तेव्हा आपण डॉक्टरकडे गेलो, एक्स-रे काढले, ऑपरेशनही केलं. केसांच्या बाबतीत मात्र गप्प बसायचं, का तर लोक म्हणतील म्हातारपणी नखरे सुचताहेत. मला हे पटत नाही. इतकी वर्षं आरशात जो चेहरा बघितला तो बदलला की वाईट वाटतं, एवढंच. आणि दुसरं असं की केस गळण्यामागे कधीकधी शरीरातली वेगळी तक्रार असते. ‘या वयात’ म्हणून सोडून दिलं तर तीही तशीच राहून जाते.

माझा स्वतःचा भांगही आता रुंद व्हायला लागलाय, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी जे समजावलं त्यातलं बरंचसं तुम्हा दोघांच्या कामाचं आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस काही वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो, त्या जागी नवा येतो. त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस जाणं हे नेहमीचंच. वय वाढतं तशी केसाच्या वाढीची मुदत आखूड होत जाते, नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि काही मुळं केस काढायचंच सोडून देतात. म्हणजे फणीत फार केस दिसत नसले तरी शेपटा बारीक होतच असतो. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हे जास्त जाणवतं: कपाळावरची रेघ बहुतेक तशीच राहते, पण भांगापासून डोकं विरळ होत जातं. पुरुषांचं कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून आणि मागच्या भोवऱ्यापासून सुरू होतं. बाबा, तुमचं टक्कल आईच्या माहेराकडून आलेलं नाही, हे मी आता लेखी देते! माझ्या भांगाचं खापरही तुम्ही तिकडेच फोडता, पण ही गोष्ट दोन्ही घराण्यांकडून येते आणि एकट्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

आई, तुझं मात्र मला दोन गोष्टींची सरमिसळ वाटते. भांग रुंद होणं जुनंच आहे. पण मूठ-मूठ केस जायला लागले ते ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी, आठवतंय? मोठा ताप, ऑपरेशन, भराभर वजन उतरणं, एखादा जबर मानसिक धक्का, असं काही झालं की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. माणूस तोवर बरा झालेला असतो, त्यामुळे कुणालाच दोन्हींचा संबंध लागत नाही. तू तर शाम्पू बदललास आणि सगळा दोष त्यालाच दिलास. या प्रकारची गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप कमी होते आणि ते केस बहुधा परत येतात. वयाने विरळ झालेले तसे आपोआप परत येत नाहीत. तुझ्यात कशाचा वाटा किती, हे मी इथून सांगू शकत नाही. ते डोक्याची त्वचा भिंगातून बघणाराच सांगेल.

आणि केस धुणं लांबवू नकोस. धुताना जातात ते आधीच मुळापासून सुटलेले असतात. चार दिवसांऐवजी दहा दिवसांनी धुतलेस की साचलेले सगळे एकाच वेळी हातात येतात, तू घाबरतेस आणि पुढचं धुणं आणखी लांबवतेस.

तपासण्यांचं सांगते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि त्याबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. बाकी काय बघायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही दोघं रोज घेता त्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनीही केस गळतात. पण हे वाचून एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. बाबा, हे विशेषतः तुम्हाला.

आई, शेजारणीने दिलेल्या त्या ‘केसांच्या व्हिटॅमिन’च्या डबीवर बायोटिन लिहिलंय का बघ. शरीरात बायोटिनची कमतरता फार क्वचित असते आणि ती नसेल तर वरून घेऊन केस वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. त्यात थायरॉइड आली आणि हार्ट अटॅकच्या वेळी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केसांचंच कारण शोधणाऱ्या रिपोर्टमध्ये घोळ घालणार! रक्त देण्याआधी किती दिवस ती बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचार. मला विचारशील तर डबी शेजारणीला परत दे.

औषधांत सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते मिनॉक्सिडिलचं. मुळात ही रक्तदाबावरची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे टकलावर लावून बघावं. 1988 साली अमेरिकेत पुरुषांसाठी लावायच्या औषधाला मान्यता मिळाली, नंतर बायकांसाठीही. काम करतं, पण सगळ्यांवर नाही, आणि फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते, आणि तिथेच बहुतेक लोक बाटली फेकून देतात. थांबवलं की मिळवलेले केसही काही महिन्यांत जातात. म्हणजे आयुष्यभराचं लचांड आहे. ते हवं की नको हे तुम्ही ठरवायचं. नको म्हणालात तरी माझी काही तक्रार नाही.

पण आई, तू ते घेणार असशील तर एक गोष्ट आधी. मनी रात्री तुझ्या उशीवर झोपते. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे. उशीला लागलेलं थोडंसं चाटलं तरी त्यांच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा एक तर औषध नाही, नाहीतर मनीला खोलीबाहेर. तू काय निवडशील ते मला माहीत आहे, तरीही डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांग, म्हणजे दुसरा काही पर्याय निघतो का ते बघतील.

बाबा, पुरुषांसाठी फिनॅस्टराइडची गोळीही असते. कुणी सुचवली तर लगेच सांगा की तुमची पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका आहे का ते बघणारी रक्ततपासणी, होत असते. ही गोळी पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणते. ते माहीत नसलेल्या डॉक्टरला रिपोर्ट छान वाटेल आणि खरी गोष्ट झाकली जाईल.

आता तुमचं डोकं. तुम्ही डाव्या कानावरचे केस लांब वाढवून उजवीकडे नेता आणि वारा आला की हात डोक्यावर ठेवून चालता. माझं मत विचारलंत तर बारीक करून टाका. वारंवार कापल्याने केस दाट होत नाहीत, विरळही होत नाहीत, नुसते नीट दिसतात. त्यापेक्षा मला काळजी वाटते ती टाळूवरच्या उन्हाची. केसांची सावली गेली की तिथली त्वचा वर्षानुवर्षं भाजत राहते. भोवऱ्याच्या जरा पुढे तुमची एक खरखरीत जागा आहे, हात फिरवला तर सँडपेपरसारखी लागते. तुम्ही तिची खपली नखाने काढता, ती परत धरते. कपाटाचं दार लागलं होतं म्हणून झालं, असं तुम्ही म्हणता. लागलं असेलही. केस असले की काही आदळायच्या आधी चाहूल तरी लागते, तुम्हाला ती लागत नाही. पण दाराची जखम भरून येते, ही महिनोन्‌महिने तशीच आहे. उन्हाने होणारे असे खरखरीत डाग बहुतेक वेळा साधेच असतात, वेळेवर काढून टाकता येतात, पण दुर्लक्ष झालं तर त्यातल्या एखाद्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ती जागा दाखवायचीच. बाहेर पडताना सगळीकडून काठ असलेली टोपी घाला. पुढे नुसता छज्जा असलेल्या टोपीने कान आणि मान उघडी राहते. टोपी नसेल तर टाळूवर सनस्क्रीन लावा, तोंडाला लावतात तसंच.

आई, तुझ्याही दोन गोष्टी न लांबवता दाखवण्याच्या आहेत. आरशात भुवया बघ. त्या विरळ झाल्या असतील आणि कपाळावरची केसांची रेघ मागे सरकली असेल, तर तो वयाचा नेहमीचा प्रकार नसतो. रजोनिवृत्तीनंतर काही बायकांत होणारा हा वेगळा आजार आहे. त्यात केसांची मुळं कायमची मरतात, म्हणून जितकं लवकर थांबवता येईल तितकं बरं. दुसरं, टाळूला आग होणं, खाज, पापुद्रे, किंवा चाई पडल्यासारखा गुळगुळीत गोल. यातलं काही असेल तर अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांग.

बाकी दिसण्याचं म्हणशील तर त्यात गंमत आहे, औषधापेक्षा जास्त. गडद काळा रंग तुला आवडतो, पण त्यानेच भांग उठून दिसतो, कारण काळ्या केसांत टाळू पांढरी चमकते. वर मुळाशी पांढरे केस उगवले की तीही रेघ भांगातच धरली जाते. रंग दोन छटा फिका कर, नाहीतर पांढरेच राहू दे. नवा रंग घेशील तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट बघ. लांबी खांद्यापर्यंत आणलीस तर केस स्वतःच्या वजनाने चपटे बसणार नाहीत. भांग रोज एकाच जागी नको, आणि बुचडा ताणून बांधू नकोस, ओढीने कपाळाकडचे केस आणखी जातात. तेल लावायचं तर लाव, केस कमी तुटतात. नवे मात्र त्याने उगवत नाहीत. आणि तेलाने केस एकमेकांना चिकटतात, मग टाळू जास्तच दिसते, तेव्हा बाहेर जायच्या दिवशी नको. केराटिनची, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनलेले असतात त्याची, बारीक पावडर मिळते, भांगावर भुरभुरवली की केसांना चिकटून बसते आणि भांग भरल्यासारखा दिसतो. नुसत्या वरच्या भागापुरता केसांचा तुकडा मिळतो, त्याला टॉपर म्हणतात, तोही बघू. मी स्वतः पावडर वापरते. तुला आजवर कळलं नाही, म्हणजे बरी बसत असणार.

तर या महिन्यात दोघांनी मिळून जायचं. आई, केस मोकळे ठेव, त्या दिवशी पावडर, तेल काही नको, आणि ओळखपत्रासाठी काढलेला तो जुना फोटो बरोबर घे, भांग आधी कसा होता ते त्यात नीट दिसतं. बाबा, तुम्ही बाहेर बाकावर बसायचं नाही, आत जायचं आणि टोपी काढायची. डॉक्टरांपुढे विनोद केलात तरी चालेल, पण त्या खरखरीत जागेवर त्यांचं बोट टेकवल्याशिवाय उठायचं नाही. दिवस ठरला की कळवा. मी त्या वेळेला फोनजवळ असेन. काही कळलं नाही तर तिथूनच मला लावा आणि फोन डॉक्टरांच्या हातात द्या.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, जाहिरात बघून मागवलेल्या त्या स्प्रेची दुसरी बाटली अजून आली नसेल तर आजच रद्द करा. आली असेल तर फोडू नका, परत पाठवता येते का ते मी बघते.