कॉपीराइट एकट्याच्या नावे करून घेऊ नकोस: मित्रास पत्र

मालवण,
दि. ४ मे २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. आंब्याच्या पेट्या वाशीला रवाना झाल्यापासून दलालाची पट्टी हाती येईपर्यंतचा हिशेब ठेवणारा तुझा प्रोग्राम आता देवगडाबाहेरचे बागायतदारही वापरू लागले आहेत, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र, त्यात भर घातलेल्या सर्वांकडून कॉपीराइट तुझ्या एकट्याच्या नावे लिहून घ्यावा, ही तुझ्या प्रोग्राममध्ये रस दाखवणाऱ्या कंपनीने तुला घातलेली अट तू मान्य करू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि कलम १७ प्रमाणे तो लिहिणारा हाच सर्वसाधारणपणे त्याचा पहिला मालक असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. गाडीभाडे, हमाली आणि इतर खर्च वजा करून बागायतदाराच्या हाती पडणारी रक्कम काढणारा भाग रत्नागिरीच्या त्या विद्यार्थ्याने लिहिला, म्हणजे तेवढ्या ओळी त्याच्या. तू त्या तपासून रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रामच्या सामाईक कोडसाठ्यात, घेतल्यास, एवढ्याने त्या तुझ्या होत नाहीत. तुला त्या वापरता येतात, कारण प्रोग्राम जीपीएलच्या, म्हणजे कोणालाही कोड वापरू, बदलू आणि वाटू देणाऱ्या मुक्त परवान्याच्या, तिसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि त्याच परवान्याखाली त्याने आपली भर दिली. ‘घे रे, सगळे तुझेच’ असा व्हॉट्सअॅपवरचा निरोपही पुरेसा नाही. कलम १९ ला लेखी आणि सहीचे हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ते पाच वर्षांपुरते व प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतेच धरले जाते.

आपल्याकडे सामाईक सातबाऱ्याला सगळेच कंटाळलेले असतात, कारण मुंबईतल्या एका चुलत भावाची सही राहिली तरी व्यवहार अडतो. इथे मात्र तोच अडसर मला मोलाचा वाटतो. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्याचे (कर्नेलचे) हक्क हजारो जणांकडे विखुरलेले आहेत, त्यामुळे त्याचा परवाना बदलणे कोणा एकाच्या हातात राहिलेले नाही. याउलट हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या प्रोग्रामचा मुक्त परवाना काढून निर्बंध असलेला परवाना लावला, तेव्हा बाहेरच्यांनी करार करून आधीच व्यापक अधिकार दिलेले असल्याने त्यांची नव्याने संमती घ्यावी लागली नाही. जुनी आवृत्ती मुक्त होती, म्हणूनच तिच्यातून ओपनटोफू हा वेगळा मुक्त प्रोग्राम उभा राहू शकला.

हक्क एका ठिकाणी असण्याचे फायदे मी नाकारत नाही. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने अनेक वर्षे हस्तांतरणाचा आग्रह धरला तो परवानाभंगाविरुद्ध न्यायालयात जाणे सोपे व्हावे म्हणून, आणि त्या बदल्यात ते काम मुक्तच ठेवण्याचे वचनही दिले. तरीही २०२१ मध्ये जीसीसी या तिच्या प्रसिद्ध कंपायलरसाठी (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामसाठी) ती सक्ती उठली. तुला अट घालणाऱ्या कंपनीच्या मसुद्यात असे वचन कुठेच दिसत नाही, आणि मला सर्वाधिक खटकते ते हेच.

शिवाय, प्रोग्राम आपल्या सर्व्हरवर चालवून सेवेचे पैसे घ्यायला जीपीएल आजही त्या कंपनीला मोकळीक देतो. प्रोग्राम, मूळ असो वा बदललेला, इतरांना देताना त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेल्या ओळीही, त्याच परवान्याखाली द्याव्या लागतात, हे मुख्य बंधन आहे. तेव्हा त्यांना तुझ्या नावावरचे हक्क नेमके कशासाठी हवेत, हे त्यांच्याकडून लेखी मागून घे.

तू करायचे ते इतकेच: प्रत्येक नव्या बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ मागावी. आपला कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करत एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावल्यानंतर, कोड कुठून आला याची खात्री राहावी म्हणून लिनक्सने २००४ मध्ये ही पद्धत स्वीकारली. हा बदल देण्याचा मला अधिकार आहे, असे त्या ओळीने देणारा सांगतो. मालकी त्याच्याकडेच राहते.

काळजी वाटते ती पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मित्राची. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, त्याला नोकरी देणारी कंपनी ठरते. त्यामुळे रात्री घरी बसून लिहिले तरी त्याच्या नियुक्तीपत्रातील कलमे पाहावीच लागतील. त्याच्या कंपनीचे संमतीपत्र येईपर्यंत त्याचा बदल पुढच्या आवृत्तीत घेऊ नकोस. योगदानाच्या नियमांचा मसुदा मी या आठवड्यात पाठवतो. तो विद्यार्थ्यालाही दाखव आणि त्याचे मत मला कळव.

घरी सर्वांस नमस्कार.

तुझा स्नेही