नवे जनुक आणण्याआधी फरदड थांबवा

महोदय,

कपाशीत गुलाबी बोंडअळी दिसली की ‘बीटी निकामी झाले, नवे जनुक आणा’ ही मागणी पुढे येते. शेतकऱ्याची हतबलता खरी आहे. पण आधीची दोन जनुके कशी हरली हे न पाहता तिसरे आणले, तर तेही टिकणार नाही. आधी थांबवायला हवी ती फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी बोंडांसाठी उभी ठेवलेली कपाशी.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचे क्राय१एसी जनुक घातलेली कपाशी आपल्याकडे २००२ साली आली, क्राय२एबी जोडलेली बीजी-२ आली २००६ साली. या जनुकांपासून बनणारे प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे प्रथिन चिकटण्याच्या जागा) चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते व दोन-तीन दिवसांत मरते. ग्राहकाची ठेवण बदललेली एखादी अळी मात्र तगते. तिच्या पतंगाचे मीलन साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगाशी झाले, तर पिल्ले बीटीवर मरतात, कारण हा गुण अप्रभावी असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणे मिळायचे ते याचसाठी. बहुतेकांनी ते पेरले नाही, आणि पेरणीसाठी कोणी नेटाने पाठपुरावाही केला नाही.

दुसरे कारण बोंडातच आहे. आपली बीटी कपाशी संकरित असल्याने तिच्या बोंडातील सरकीत जनुके विभागली जातात. दर १६ सरक्यांमागे सरासरी एकीत दोन्ही विषे नसतात, काहींत एकच असते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला बिनविषारी आणि अर्धविषारी घास मिळतात, आणि प्रतिकार वाढायला याहून सोयीची जागा नाही. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिकारक अळ्या शेतात आता पसरलेल्या आहेत. त्यामुळे नुसत्या नॉन-बीटी ओळींनी ही अळी आटोक्यात येणार नाही, तिची साखळीच तोडावी लागेल. कपाशी संपली की तिला खायला फारसे काही उरत नाही. फरदड ठेवली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिची सोय होते, म्हणून डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नये, तिच्यातील वाळक्या बोंडांत अळ्या सुप्त राहतात. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली की फवारणीचा निर्णय घ्यावा, म्हणजे बोंडात अजून न शिरलेल्या अळ्या तरी मरतील. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले) दिसतील तिथे तोडून अळीसकट नष्ट कराव्यात.

अमेरिकेने २०१८ साली या अळीचे उच्चाटन जाहीर केले. तिथेही बीटी कपाशीच होती. जोडीला वंध्य पतंग सोडले होते आणि वेचणीनंतर पऱ्हाट्या गाडल्या जात होत्या.

फरदडीचे दोन पैसे सोडा असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आहे. कृषी विभागाने डिसेंबरमध्ये गावोगावी पऱ्हाटी कुटण्याची यंत्रे माफक भाड्याने द्यावीत आणि प्रत्येक जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे सक्तीचे करावेत.

— कीटकशास्त्राचे काही अभ्यासक, विदर्भ