रविवारच्या फोननंतर

चि. मनू,

रविवारी तू फोन ठेवल्यापासून तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. आधीच सांगतो, सेन्सरवरचे तुझ्या साखरेचे आकडे माझ्या फोनवर यायचे ते शेअरिंग बंद केलंस, त्याबद्दल हे पत्र नाहीये. फोन तुझा, दंड तुझा, त्यावरचा सेन्सर तुझा, साखरही तुझीच. 'मी तुमच्या लॅबमधलं सॅम्पल नाहीये बाबा' म्हणालीस ते लागलं जरा, पण आई म्हणाली, बरोबर बोलली पोरगी. आणि तिने एकदा निकाल दिला की अपील नसतं हे तुला माहितीये.

फक्त एवढंच, की तुझा आकडा यायचा तिथे आता नुसत्या आडव्या रेघा दिसतात. दर पाच मिनिटाला एक, दिवसाचे 288 आकडे, सहा वर्षं बघत आलोय, त्यामुळे बोट अजून तिकडेच जातं. जाईल सवय.

मी लॅबला लागलो तेव्हा आमच्याकडे साखर बघायची म्हणजे बेनेडिक्टची परीक्षानळी. निळ्या द्रावणात लघवीचे 8 थेंब टाकायचे, उकळायचं आणि रंगाची वाट बघायची. निळं राहिलं तर ठीक, नाहीतर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी गाळ बसायचा तळाला. वास अजून नाकात आहे. पण त्यात मेख अशी की रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, म्हणजे वाढलेली उशिरा कळणार आणि कमी झालेली तर कधीच नाही. 100 असो की 40, नळी आपली निळीच. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, रजिस्टरमध्ये 'निल' लिहून मोकळा व्हायचो.

आणि आता तुझ्या दंडावर ते नाण्याएवढं काय ते. कातडीखाली केसासारखी तार, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. ग्लुकोज आलं की एन्झाइम त्याचं काम करतं, पेरॉक्साइड तयार होतं आणि तार त्याचा करंट मोजते. तुला पाठ आहे सगळं, दहावीच्या प्रोजेक्टला तूच मला समजावलं होतंस (आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड केलं होतं, माफ कर). लेलँड क्लार्क नावाच्या माणसाने 1962 मध्ये हे एन्झाइम इलेक्ट्रोडला जोडायची कल्पना मांडली, त्याचा ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड आधीपासून होताच. म्हणजे कल्पना माझ्या नोकरीपेक्षा जुनी, आणि मी आपला नळ्या उकळत बसलो होतो. ती तार पंधरा-पंधरा दिवस एका जागी बसून काम करते, तिची ड्युटी बदलत नाही, तिला डुलकी लागत नाही.

रात्रीचं मी काढणार नव्हतो.

तू आठ वर्षांची होतीस. सेन्सर नव्हता, झोपताना बोट टोचलं, आकडा चांगला आला आणि आम्ही निवांत झोपलो. मला तहान लागली म्हणून उठलो आणि जाताजाता सहज तुझ्या डोक्यावर हात ठेवला तर केस ओले, उशी ओली, हाक मारली तर नुसती 'हं' म्हणालीस. मीटरवर 41. ग्लुकोजचं पाणी चमच्याचमच्याने पाजताना तू माझ्यावर चिडली होतीस, त्या चिडण्याचा मला झालेला आनंद तुला कळणार नाही. पण मनू, मला तहान लागली होती म्हणून. बाकी कशामुळे नाही. तेरा वर्षं मी त्या ग्लासापाशीच अडकून बसलोय.

तू म्हणशील तुमच्या भीतीचं बिल माझ्या नावावर का. खरंय. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा 52 चा अलार्म वाजला म्हणून मी दार आपटत आलो, लाइट लावला, बोट टोचलं तर 118. सेन्सरवरच झोपली होतीस. दंड दाबला गेला की तिथला द्रव हलत नाही आणि सेन्सर खोटंच खाली दाखवतो, हे मला माहिती होतं, इतरांना मीच सांगत असतो. तरी पळालो. तू नंतर झोपलीच नाहीस आणि मी मात्र झोपलो.

बरं, ती तुझी रूममेट म्हणाली ना की एक अंगठी न टोचता साखर दाखवते, तो नाद सोड. औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2024 च्या फेब्रुवारीत स्पष्ट सांगितलं की न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. घड्याळातल्या हिरव्या दिव्याने नाडी कळते, ते वेगळं. साखरेचा उजेडातला सिग्नल इतका बारीक की घाम, हालचाल, तापमान यातच हरवतो. शिवाय तुझा सेन्सरसुद्धा रक्त मोजत नाही, पेशींमधला द्रव मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो, आणि साखर भराभर उतरत असेल तर तेवढी मिनिटं पुष्कळ झाली, म्हणून हात थरथरले आणि स्क्रीनवर 85 दिसत असले तरी आधी बोट टोच आणि

झालं सुरू. सॉरी. हे सगळं तू मला शिकवू शकतेस.

खरं तर तेच सांगायचं होतं. परवा डॉक्टरांसमोर तू सेन्सरशी बोलणाऱ्या पंपाबद्दल विचारत होतीस, तो रात्री इन्सुलिन आपोआप कमी कसं करतो, कुठल्या आकड्याला थांबवतो, आणि डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून उत्तरं देत होते. मी मागे फाइल धरून बसलो होतो. तिथून बाहेर पडताना मी गप्प होतो त्याला तू राग समजलीस. राग नव्हता. पंप घे. हप्त्याचं वगैरे मी बघतो, दादाशीही बोललोय.

मनात आलं होतं की सांगावं, शेअरिंग चालू ठेव, मी बाकी सगळे अलर्ट बंद करतो, आलेख उघडत नाही, फक्त 55 च्या खालचा तेवढा माझ्याकडे वाजू दे. पण नाही सांगत. तू ठरवलंयस. फक्त रूममेटला ग्लुकॅगॉन, साखर फारच खाली गेली तर द्यायचं ते औषध, कुठे ठेवलंय ते दाखव, एकदा तिच्या हातात देऊन दाखव, तोंडी नको. आणि फोन रात्री सायलेंटवर टाकतेस तेव्हा अलार्म त्यातूनही वाजतो का ते तपासून बघ, दिवसा.

आत्ता 3 वाजून 10 मिनिटं झालीत. आई झोपलीये. मी पाणी प्यायला उठलो होतो.

तुझा
बाबा

ता.क. गुरुवारी सेन्सर बदलायचाय ना. तू उजव्या कुशीवर झोपतेस, तेव्हा या वेळी डाव्या दंडाला लाव.